हौदा खाली बसला, पीटीओ सुटला का?

टिपरचा अपघात म्हटला की वेग, ब्रेक आणि दारू यांपलीकडे कुणी विचार करत नाही. टिपरच्या गॅरेजात वावरून माझे मत वेगळे झाले आहे. या गाडीचा खरा धोका खडी ओतताना नसतो, ती ओतून झाल्यावर सुरू होतो. क्लच दाबून पीटीओ लावला की गिअरबॉक्सवरून हायड्रॉलिक पंप फिरू लागतो. मग दुसऱ्या लिव्हरने तेल जॅकमध्ये सोडले की हौदा उठतो. खाली यायला मात्र पंप लागत नाही, हौदा स्वतःच्या वजनाने बसतो. त्यामुळे हौदा बसला तरी पीटीओ लागलेलाच राहू शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. गाडी रस्त्याला लागली की इंजिनाबरोबर पंपाच्याही फेऱ्या वाढतात. नशीब बरे असेल तर तेल तापून सील जळते आणि मालकाला पंपाचा भुर्दंड बसतो. पण धक्क्याने लिव्हर जराशी सरकली, किंवा व्हॉल्व्ह झिजलेला असला, तर चालत्या गाडीवर हौदा हळूहळू वर चढतो. रिकामाच असल्याने केबिनमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही.

मोठ्या टिपरचा पूर्ण उठलेला हौदा सहा मीटरच्या पुढे जाऊ शकतो. रस्ता ओलांडणाऱ्या 11 केव्ही वाहिनीची नियमाने ठरलेली किमान उंची 6.1 मीटर आहे, आणि गावाकडच्या तारा उन्हाळ्यात किती लोंबतात ते सर्वांना ठाऊक आहे. तार लागलीच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहावे, बाहेरच्यांनी गाडीला हात लावू नये. टायर पेटल्याने उतरणे भागच पडले, तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारावी. एक हात गाडीला आणि पाय जमिनीवर, असे कधीही होऊ देऊ नये.

यावर म्हटले जाते की जुना ड्रायव्हर विसरत नाही. मान्य; पण बऱ्याचदा हा विसरण्याचा प्रश्नच नसतो. पैसे खेपेवर मिळतात, क्रशर जवळ असतो, थोड्या वेळात पुन्हा ओतायचेच असते, मग पीटीओ काढायचा कशाला, असा तो सरळ हिशेब असतो. पीटीओ लागलेला असेपर्यंत वाजणाऱ्या बझरची वायरही याच हिशेबाने तोडली जाते, कारण ती किरकिर दिवसभर कानाशी असते. हँडब्रेक ओढल्याशिवाय पीटीओ लागूच नये, ही सूचना कागदावर छान दिसते. पण मुरूम पसरताना हौदा उचलून गाडी सावकाश पुढे घ्यावी लागते, तिथे ती टिकत नाही. म्हणून मला ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर पीटीओ आपोआप सुटण्याची सोय जास्त पटते. संथ कामात ती आड येत नाही आणि रस्त्यावर माणसाच्या आठवणीवर विसंबत नाही. खर्चाची तक्रार मला फारशी टिकाऊ वाटत नाही, कारण जळालेला पंपही फुकट येत नाही.

गॅरेजवाल्यांसाठी एकच गोष्ट. उठलेला हौदा तेलाच्या दाबावर उभा असतो. होज फुटला की सावरायला वेळ मिळत नाही. गाडीचा लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली डोके घालू नका, हाताशी पडलेला लाकडी ओंडका म्हणजे टेकू नव्हे. आणि मालकांनो, पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलण्याआधी पीटीओ लावून बझर वाजतो का, ते स्वतः ऐका.