चोक ओढला की गाडी चालते

वसतिगृहात मी सहावीत असताना विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली. आदल्या सायंकाळी ती मीच चालू केली होती. त्यामुळे दोष माझा, हे सकाळच्या नाश्त्यापर्यंत सर्वांनी ठरवून टाकले होते. अधीक्षक सरांनी मला बोलावले. मी रडू लागलो. सर म्हणाले, "रडू नकोस. काय पाहिलंस, काय ऐकलंस, तेवढं क्रमानं सांग." मी सांगितले, की मोटार नीट चालली होती, पण मध्येच तिचा आवाज जड झाला आणि पाण्याची धार बारीक झाली. दुपारी वायरमन आला. त्याने तपासले, तेव्हा तीनपैकी एक फेज गेला होता. उरलेल्या दोन फेजवर ओढाताण होऊन मोटार जळाली होती. सरांनी ही गोष्ट सायंकाळच्या वंदनेनंतर सर्व मुलांसमोर सांगितली. मला दोषी ठरवणारेही त्यांत होते.

स्मरणिकेसाठी व्यवसायातील एखादा अनुभव लिहावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा प्रथम हीच आठवण जागी झाली. कारण सरांचा तो धडा मी पुढे एकदा विसरलो, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली.

दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेऊन मी अनेक वर्षे इतरांच्या हाताखाली काम केले आणि पुढे स्वतःचे लहानसे गॅरेज उभे केले. शाळेचे ऋण म्हणून वसतिगृहातून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाला मी कामावर घेत असे. असाच एक मुलगा माझ्याकडे दीड वर्ष होता. कमी बोलणारा, हात स्वच्छ.

त्या काळात एक निवृत्त गुरुजी आपली प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन, एकच कार्बोरेटर, हाताने ओढायचा चोक. रस्त्यावर गाडी छान पळे. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरू लागे आणि सिग्नलला उभी राहिली की बंद पडे. कार्बोरेटरमध्ये कचरा असणार, असे मी न पाहताच ठरवले आणि त्या मुलाला तो उघडून साफ करायला सांगितले. त्याने जेट, फ्लोट, सुई सारे धुऊन, हवेने फुंकून पुन्हा जोडले. जोडून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, एक सांगायचं होतं." मी दुसऱ्या गाडीखाली होतो. "नंतर," एवढेच म्हणालो. आयडलिंगचा स्क्रू थोडा पिळून, वेग वाढवून मी गाडी देऊन टाकली.

दुसऱ्याच दिवशी ती भर चौकात बंद पडली. शेजारी गुरुजींच्या पत्नी बसल्या होत्या, डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन त्यांना चारच दिवस झाले होते. मागून येणारा टेम्पो जेमतेम थांबला. गुरुजी संतापून गॅरेजमध्ये आले आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर त्या मुलाकडे बोट दाखवले. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. पण मी म्हणालो, "वसतिगृहातला आहेस म्हणून ठेवून घेतलं, नाहीतर तुला कोण ठेवणार होतं?" त्याने हातातला पाना जागेवर ठेवला, हात पुसले आणि तो निघून गेला.

गाडी मात्र उभीच होती. नाइलाजाने मी तिची तपासणी पहिल्या पायरीपासून सुरू केली. चारही प्लग काढले. टोके काळी नव्हती, पांढुरकी होती. म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पॉइंट घासून त्यांतील अंतर लावले, टॅपेट पाहिले, फरक नाही. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. प्रत्येक वेळी वेग सारखाच घसरला, म्हणजे एखादा सिलिंडर दुबळा नव्हता. दोष चौघांचाही सामाईक होता. मग चोक अर्धवट ओढला. थरथरणारे इंजिन तत्काळ शांत झाले! चोक हवेची वाट अरुंद करतो आणि पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. त्याने इंजिन सुधारते, याचा अर्थ कुठूनतरी जादा हवा आत शिरते आहे.

आता जागा शोधायची होती. तेलाच्या कुपीने कार्बोरेटरखालच्या पॅकिंगभोवती दोन थेंब सोडले. काही झाले नाही. थ्रॉटलचा दांडा ज्या भोकातून आत जातो तेथे थेंब सोडताच चोक न ओढताही इंजिनचा सूर बदलला. तेलाने फट क्षणभर बुजली होती. इतक्या वर्षांच्या वापराने दांड्याचे भोक झिजून सैल झाले होते. वेगात असताना इंजिन भरपूर हवा घेते, तेव्हा एवढीशी गळती जाणवत नाही. आयडलिंगला मात्र तीच इंजिन बंद पाडते. कार्बोरेटर कितीही धुतला असता तरी हा दोष जाणार नव्हता. लेथवर भोक मोठे करून पितळी बुश बसवले आणि गाडी सुरळीत झाली.

त्या संध्याकाळी मी मुलाच्या खोलीवर गेलो. त्याने मला बसायला सतरंजी दिली. मी क्षमा मागितली आणि विचारले, "त्या दिवशी काय सांगायचं होतं?" तो म्हणाला, "चोक ओढला की गाडी चालते, एवढंच सांगायचं होतं, दादा."

माझे दोन दिवस ज्यात गेले, ते त्याने आधीच पाहून ठेवले होते. तो परत कामावर आला नाही. दुसरीकडे लागला होता. गुरुजींना आणि त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांपैकी जे पुन्हा आले त्यांना मी दोष कोठे होता आणि कोणाचा नव्हता, हे आपणहून सांगितले. पण त्या मुलाने ते वाक्य ज्या दिवशी ऐकले, तो दिवस मला पुसता आलेला नाही.

आता माझ्याकडे कार्बोरेटरच्या गाड्या क्वचितच येतात. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. तरी गाडी कोणतीही असो, बॉनेट उघडण्यापूर्वी मी ती चालवणाऱ्याला आणि तिच्यावर आधी हात फिरवलेल्या मुलाला सारे क्रमाने सांगू देतो. मध्ये बोलत नाही. सरांनी मला बोलू दिले होते, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो.