वैनगंगेकाठचा हरियल

आफ्रिकेच्या अरण्यांत तुराको नावाचा एक फलाहारी पक्षी आहे. त्याच्या पंखांतील लाल रंगद्रव्यात चक्क तांबे असते! तांबे आमच्या जिल्ह्यातील मलाजखंडच्या खाणीतही निघते. तो पक्षी मात्र इकडे नाही. त्याची उणीव आम्हांस भासली नाही, कारण आमच्यापाशी हरियल आहे.

बालाघाटहून बैहरकडे निघावे आणि गांगुलपाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे फळलेला वड दिसला की थांबावे. प्रथम नुसती पाने दिसतात. मग एखादे पान मान वळवते! पारव्याएवढा देह, पिवळसर हिरवा रंग, राखी मस्तक, खांद्यावर जांभळी झाक आणि हळदीत बुडवून काढावेत असे पाय. टाळी वाजविली तर त्याच फांद्यांतून वीस-पंचवीस पक्षी फडफडत उडतात. तोवर ते तेथे होते, हे खरेही वाटत नाही.

हरियल जमिनीस पाय लावीत नाही, पाणी पितानाही पंजात काडी धरतो, अशी जुनी समजूत. हिंदी भक्तिकवींनी तिचा सुंदर उपयोग केला आहे. प्रत्यक्षात तो पाण्यासाठी खुशाल खाली उतरतो. तो वडा-पिंपळांची लागवड करतो, हेही फारसे खरे नव्हे. फळांतील बहुतेक बी त्याच्या जठरात भरडले जाते. पेरणीचे श्रेय धनेश, तांबट, साळुंक्या यांना द्यावे.

महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी. 1956 साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. हरियलाचे थवे दोन्हीकडे राहिले. दक्षिणेकडील हरियलाचे पोट हिरवे, उत्तरेकडील राखी. मध्य भारतात दोन्हींची सरमिसळ आढळते. आमच्या घरांतील बोलीसारखीच म्हणा ना!

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीस आळा बसला. पूर्वी बंदूकवाले त्याच्या मांसाची मिटक्या मारीत वाखाणणी करीत. आता भय निराळे आहे. रस्ते रुंद होताना कडेचे जुने वड, पिंपळ, उंबर आधी जातात. बदली म्हणून लावलेल्या शोभेच्या रोपांवर हरियलाचे पोट भरत नाही, आणि वडाला तसा विस्तार येण्यास दोन पिढ्या लागतात. आमच्या शाळेमागचा पिंपळ पाल्याने कौले बिघडवितो, म्हणून तोडावा, अशी सूचना एकदा आली. आम्ही कौले दरवर्षी फेरतो. पिंपळ उभा आहे. फळे पिकली की सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मुले हात जोडून डोळे वर करतात, आणि आम्ही रागावत नाही.