बालविकासाचा अभ्यास आणि अंगण

बालविकास आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या विषयांच्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडलेली राशीच्या अक्षय्यतेची कल्पना, म्हणजे पाणी उंच पेल्यात ओतल्याने वाढत नाही ही जाण, हमखास शिकवली जाते; परंतु ती खऱ्या अर्थाने उमगते ती चार वर्षांचे मूल ‘यात जास्त पाणी’ म्हणत उंच पेल्याकडे ठामपणे बोट दाखवते तेव्हाच, आणि त्या क्षणी त्याला दुरुस्त करण्याचा मोह आवरणे हे या विद्याशाखेतील बहुधा सर्वांत अवघड कौशल्य होय.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर जे काम उभे केले, ते मूल जसे आहे तसे समजून घेण्याच्या दृष्टीने आजही पाठ्यपुस्तकाहून मोलाचे वाटते, कारण मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली आणि माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले वापरले. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोचली. अशा अंगणवाडीत बसून निरीक्षण-नोंद करणे, म्हणजे ‘मूल चिडले’ असा निष्कर्ष न लिहिता ‘मुलाने ठोकळा फेकला आणि दाराकडे पाहिले’ एवढेच टिपणे, याला प्रात्यक्षिकात अधिक तास मिळायला हवेत.