मुनीम गेला, किल्ली राहिली

आमच्या पेढीच्या जुन्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक आजोबांच्या कमरेला असे, दुसरी मुनीमजींच्या कोटाच्या आतल्या खिशात. वय झाल्यामुळे मुनीमजींनी काम सोडले, त्या दिवशी त्यांनी रोजमेळ जुळवून दाखवला, खतावणी समोर ठेवली आणि शेवटी किल्ली आजोबांच्या हातावर ठेवली. आजोबांना ती मागावी लागली नाही. लहानपणी पाहिलेला हा प्रसंग गेल्या पर्युषणाच्या सुमारास मला अकस्मात आठवला, तो मोबाइलच्या पडद्याकडे पाहताना.

आमची आडत जळगावच्या दाणा बाजारात, तर धाकट्या भावाचे दुकान धुळ्याला. दोन्हींचा पत्रव्यवहार एकाच ई-मेल खात्यावर चालतो. दलालांचे भाव, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, जीएसटीची बिले, बँकेचे उतारे असे सारे तिथेच येते. त्याशिवाय माझे घरगुती खाते वेगळे आणि ज्या संस्थेचे काम पाहतो तिचे आणखी एक. या तिन्ही पेट्या एकत्र दाखवणारे, महत्त्वाची पत्रे वर काढणारे आणि राहिलेल्या उत्तराची आठवण देणारे एक ॲप कोणीतरी सुचवले. ते ना फोनबरोबर आलेले होते, ना ई-मेल पुरवणाऱ्या कंपनीचे. तिसऱ्याच कोणाचे होते. मी ते घेतले. ‘परवानगी द्या’ अशी पाटी आली, मी न वाचता बोट ठेवले. पैसे लागले नाहीत, याचेच समाधान वाटले. दोनेक वर्षे ते उत्तम चालले. पुढे जाहिराती वाढल्या, म्हणून मी ते फोनमधून काढून टाकले आणि विसरून गेलो.

गेल्या वर्षी नवा फोन घेतला, तेव्हा धुळ्याचा पुतण्या पर्युषणासाठी जळगावला आला होता. फोन लावून देताना त्याने गुगल खात्याचे ‘सुरक्षा’ हे पान उघडले आणि विचारले, “काका, हे ॲप तुम्ही अजून वापरता?”

“छे, ते कधीच काढून टाकले.”

“फोनमधून काढलेत. परवानगी तशीच आहे. पत्रे वाचण्याची, पाठवण्याची आणि पुसण्याचीसुद्धा.”

मुनीम गेला होता, किल्ली मात्र त्याच्याचकडे राहिली होती.

पुतण्याने समजावले ते असे. बाहेरची ई-मेल ॲप्स साधारण दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात तुमचा फोन थेट तुमच्या टपाल-सर्व्हरशी बोलतो. मध्ये कोणी नसते. अँड्रॉइडवर थंडरबर्ड हे अशा प्रकारचे आहे. पूर्वीच्या ‘के-नाइन मेल’वरून घडवलेले हे ॲप २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आले. दुसऱ्या प्रकारात ॲपवाल्या कंपनीचा स्वतःचा सर्व्हर मध्ये उभा असतो. तत्काळ सूचना, ठरल्या वेळी पत्र पाठवणे, पत्रांची वर्गवारी अशा सोयी देण्यासाठी तोच तुमच्या पेटीत शिरतो आणि बहुधा पत्रांची प्रतही काही काळ जवळ ठेवतो. अशा वेळी फोनमधून ॲप काढले तरी तिकडचा सर्व्हर आपले काम चालूच ठेवू शकतो. माझे ॲप या दुसऱ्या प्रकारचे होते.

आपल्याला आंगडियाचा व्यवहार ठाऊक आहे. तो पुडके नेतो, पण उघडत नाही. त्याची सारी पत त्या न उघडण्यावर उभी असते. या ॲपचे काम मात्र पुडके उघडल्यावाचून होतच नाही. त्यामुळे उघडून झाल्यावर तो काय करतो, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते. अमेरिकेत अनरोल-मी नावाची, नको असलेली जाहिरातपत्रे आवरून देणारी फुकट सेवा होती. ग्राहकांच्या पेटीतल्या पावत्यांवरून काढलेली माहिती, नावे वगळून, तिची मालक कंपनी विकत असल्याचे २०१७ साली उघड झाले. लिफ्ट या टॅक्सी कंपनीच्या पावत्यांची माहिती तिच्या प्रतिस्पर्धी उबरपर्यंत पोहोचली होती. पुढे २०१९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांची दिशाभूल केल्याचा ठपका या सेवेवर ठेवला. कोणाचा माल कोणाकडे किती जातो, हे प्रतिस्पर्ध्याला कळणे म्हणजे काय, ते व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मी पेटीतली मागची पत्रे चाळू लागलो आणि एका पत्रापाशी थांबलो. पारोळ्याच्या एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांचे ते पत्र होते. मोठी रक्कम अडकल्यामुळे त्यांनी दोन महिन्यांची मुदत मागितली होती. दुकानात चार माणसांत फोनवर बोलणे नको, म्हणून त्यांनी मुद्दाम लिहिले होते, आणि शेवटी ‘हे आपल्या दोघांतच राहावे’ अशी विनंती होती. मी मुदत दिली, त्यांनी ती पाळली. बाजारात याची कुणकुण लागती तर त्यांची पत दोन दिवसांत उतरली असती. पत्राची तारीख पाहिली. ॲप काढल्यानंतर पाच महिन्यांनी ते आले होते.

कोणी ते पत्र वाचले, असा माझा आरोप नाही. बहुधा वाचलेही नसेल. पण माझी पेटी केवळ माझी नव्हती, हे मला त्या क्षणी कळले. तिच्यात इतरांनी विश्वासाने ठेवलेली ठेव होती आणि तिची किल्ली परक्याला देण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात श्रावकाच्या दुसऱ्या व्रताचे अतिचार आले. त्यांतला ‘रहस्याभ्याख्यान’ हा शब्द मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. कोणाचे गुपित उघड करणारी माणसे ती वेगळी, आपण त्यांतले नव्हे, असेच वाटत असे. गुपित प्रमादानेही उघड्यावर पडते, हे तेव्हा ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती परवानगी रद्द केली. पासवर्ड बदलला. त्या कंपनीकडे असलेले माझे खाते पुसण्याची विनंती पाठवली, कारण किल्ली काढून घेतल्याने आधी नेलेल्या प्रती परत येत नाहीत. यादीत विसरलेली आणखी तीन नावे निघाली, तीही काढली. आता नवे ॲप घेताना मी तीन गोष्टी पाहतो: ते मध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवते का, फुकट असेल तर त्याची कमाई कशावर चालते आणि सोडून जाताना किल्ली परत कशी घ्यायची. दिवाळीला वहीपूजनाआधी जुनी वही मिटवतो, त्या दिवशी ही यादीही तपासायची, असे आम्ही घरात ठरवले आहे.

संवत्सरीनंतर धुळ्याला जाताना मी पारोळ्याला उतरलो. क्षमापना झाली. मग मी त्यांना घडले ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“पत्र मी तुम्हाला लिहिले होते,” ते शेवटी म्हणाले.

“होय, काकाजी. म्हणूनच आलो. मिच्छामि दुक्कडम्.”

त्यांनी मान हलवली, चहा मागवला. चहा घेता घेता खिशातून स्वतःचा फोन काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “आमच्यातही पाहून द्या. तुमची पत्रेही याच्यातच आहेत.”

त्यांच्या यादीत पाच नावे निघाली. आम्ही दोघांनी मिळून ती एकेक करून काढली.