यंत्राला ठाऊक नसलेला ‘ळ’

घरांतील मुलगी काय शिकते हें विचारणारे पुष्कळ असतात. ती कसें शिकते हें पाहणारे थोडे. परीक्षेचे गुण, शाळेचें नांव आणि पुढें मिळणारी नोकरी एवढ्यावर आपलें समाधान होतें. आमचें आयुष्य मुलांना शब्दरूपें आणि संधि शिकविण्यांत गेलें. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु शिकणें म्हणजे काय, हा प्रश्न आमच्याच प्रांतांतला आहे. आणि गेल्या तीन वर्षांत आमच्या नातीनें यंत्रांच्या नादानें जें कांहीं केलें, त्यानें या प्रश्नाचा उलगडा आम्हांस जितका झाला तितका पुष्कळ ग्रंथांनींहि झाला नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

नात आतां सोळा वर्षांची आहे. तेराव्या वर्षीं तिनें गच्चीवरील पाण्याच्या टाकीसाठीं एक लहानसें उपकरण केलें. आमच्या घरीं माणसें अकरा. सकाळीं टाकी अचानक रिकामी झाली म्हणजे काय कल्लोळ होतो तें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. इटलींत २००५ सालीं विद्यार्थ्यांकरितां निघालेली आर्डुइनो नांवाची तळहाताएवढी पाटी, ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि ऐकणारा एक सेन्सर आणि चार तारा, एवढीच सामग्री. ध्वनि हवेंत एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. तो पाण्यापर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजून त्याचें अर्ध केलें कीं पाणी किती खालीं आहे तें कळतें. हिशेब सोपा, परंतु यंत्र पहाटे हटकून खोटें सांगे. नातीनें तीन दिवस पहाटे उठून टाकींत काठी घातली, वहींत दोन रकाने आंखून काठीचें माप आणि यंत्राचें माप शेजारीं शेजारीं लिहिलें, तेव्हां तिच्या ध्यानांत आलें कीं झांकणाखालीं जमणारी वाफ थेंब होऊन सेन्सरच्या तोंडावर बसते. तिनें त्याची जागा बदलली, आणि दहा मापें घेऊन त्यांतलें मधलें तेवढें ग्राह्य धरावें असा नियम घातला. मग यंत्र ताळ्यावर आलें. यंत्र चाललें याचें घराला कौतुक वाटलें. आम्हांस कौतुक वाटलें तें त्या दोन रकान्यांचें.

पुढें ती कोडिंग, म्हणजे संगणकाला त्याच्या भाषेंत आज्ञा लिहून देणें, शिकूं लागली. तिनें घेतलेली भाषा पायथन. १९९१ सालीं ती प्रथम प्रसिद्ध झाली. ती लिही आणि आम्ही शेजारीं बसून पाहत असूं. दोन नियम एकाच ठिकाणीं लागूं पडले तर कोणता चालावा, कोणता आधीं व कोणता मागून, एकदां सांगितलेली गोष्ट पुढें पुन्हां न सांगतां कशी चालू ठेवावी, हे तिचे प्रश्न ऐकून आम्हांस अष्टाध्यायीचें स्मरण होई. सुमारें चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बसवितांना पाणिनीला याच अडचणी सोडवाव्या लागल्या. यावरून पाणिनीला संगणक ठाऊक होता असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तसल्या वल्गनांनीं पाणिनीचीहि थोरवी वाढत नाहीं आणि आपलीहि. सांगावयाचें इतकेंच कीं, थोडक्यांत, चोख आणि क्रमानें बोलण्याची जी शिस्त एकाला लागते तीच दुसऱ्याला लागते. आणि ती शिस्त मुलाची कीं मुलीची हा प्रश्न व्याकरणानें कधीं विचारला नाहीं.

परंतु ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, त्याचा आजचा मुख्य मार्ग निराळा आहे. तेथें नियम सांगावयाचे नसतात, उदाहरणें दाखवावयाचीं असतात. मूल मातृभाषा शिकतें तें व्याकरण वाचून नव्हे, हजार वेळां ऐकून, तसेंच हें. केंद्रीय मंडळाच्या शाळांत २०१९-२० पासून हा विषय नववीला ऐच्छिक म्हणून घेतां येऊं लागला. नातीनें तो घेतला होता, आणि हातानें लिहिलेलीं देवनागरी अक्षरें ओळखणारा प्रोग्राम करावयाचा असें तिनें यंदां मनाशीं ठरविलें. अशा कामासाठीं नेपाळमधील संशोधकांनीं २०१५ सालीं ९२,००० अक्षरचित्रांचा संग्रह सर्वांस खुला केला आहे. ३६ व्यंजनें आणि १० अंक, असे ४६ प्रकार. प्रत्येकाचे दोन हजार नमुने. प्रत्येक चित्र म्हणजे ३२ ओळी व ३२ रकान्यांचा पट, म्हणजे १०२४ घरें. आणि प्रत्येक घराचा उजेड-अंधार एका अंकानें दर्शविलेला. यंत्र चित्र पाहून प्रथम वाटेल तें उत्तर देतें. खरें उत्तर त्याला दाखवितात, चूक किती झाली तें मोजतात, आणि त्या मानानें आंतील हजारों आंकडे किंचित् किंचित् हलवितात. हें सहस्रावधि वेळां झालें म्हणजे यंत्राचा हात, किंवा म्हणा डोळा, बसतो. पाटीवर गिरवून घेण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें गिरविणारा कधीं कंटाळत नाहीं.

यंत्र तयार झालें, घरांतल्या वह्यांवर त्याची परीक्षा सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशीं अडलें. ‘शाळा’ या शब्दांतील ‘ळ’ त्याच्यापुढें ठेवला. यंत्रानें तो ‘क’ आहे असें सांगितलें, आणि तेंहि नव्वद टक्क्यांहून अधिक खात्रीनें! दुसरा ‘ळ’ दाखविला, त्याला ‘ठ’ म्हणालें. नातीनें संग्रह उघडून पाहिला. नेपाळीच्या वर्णमालेंत ‘ळ’ नाहीं. म्हणून त्या ४६ प्रकारांतहि तो नव्हता. आम्हीं तिला सांगितलें कीं लौकिक संस्कृतांतहि हा वर्ण नाहीं. ऋग्वेदाच्या पठणांत मात्र दोन स्वरांमधील ‘ड’ चा ‘ळ’ होतो. तिनें तें ऐकून घेतलें, पण तिचें मन दुसरीकडेच गुंतलें होतें. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही ह्याला काहीही दाखवा, ह्याला ‘मला माहीत नाही’ असं म्हणताच येत नाही. शंभर टक्के ह्या सेहेचाळीस घरांतच वाटायचे, एवढंच ह्याला ठाऊक.”

हें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें आहे. वर्गांत उत्तर न येणारा विद्यार्थी आम्हांस कधीं जड गेला नाहीं. त्याला शिकवितां येतें. जो न पाहिलेल्या गोष्टीलाहि ठाम नांव देतो, त्याच्यापुढें गुरूचें कांहीं चालत नाहीं.

आतां ‘ळ’ चे नमुने आणावयाचे कोठून? आमच्या वडील वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना हा सारा उद्योग मुळींच पसंत नव्हता. “पोरीच्या हातांत पक्कड, आणि पानं वाढायला घरांत कोणी नाही,” असें त्या उघड म्हणत. रात्रीं बाराबारा वाजेपर्यंत डोळे शिणविलेले त्यांना पाहवत नसत, आणि या दुसऱ्या तक्रारींत तथ्यहि होतें. नातीनें एके दुपारीं त्यांच्याजवळ जाऊन त्यांची पाककृतींची जुनी वही मागितली. त्या वहींत काय नव्हतें? डाळ, गूळ, तांदूळ, नारळ, तीळ, आवळा, केळफूल, अळूचें फदफदें, पुरणपोळी, साळीच्या लाह्या! मराठी स्वयंपाकघर जणूं ‘ळ’ वरच उभें आहे. ‘लसूण’ आणि ‘शेंगदाणे’ यांतून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हि मिळाले. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णमालेविषयीं जो निर्णय काढला त्यांत हीं वळणें मान्य केलेलीं आहेत. आपली वही यंत्राला शिकवावयास हवी आहे हें कळल्यावर वहिनींनीं चष्मा पुसून कोऱ्या कागदावर स्वतः दोनशें ‘ळ’ काढून दिले. पक्कडीविषयींचें त्यांचें मत पालटलें असें नाहीं. पण त्या आठवड्यांत पानें आमच्या थोरल्या नातवानें वाढलीं.

घरांतील सर्वांचे नमुने घेऊन यंत्र पुन्हां शिकविलें, आणि तें घरच्यांचा ‘ळ’ बिनचूक ओळखूं लागलें. परंतु धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या मावशींनीं लिहिलेला ‘ळ’ मात्र त्याला उमगेना. मावशी मोठेपणीं लिहावयास शिकल्या. त्यांचें अक्षर जाड आणि सुटें. नात म्हणाली कीं चूक मावशींच्या अक्षराची नाहीं, आपण शाळा शिकलेल्यांचेच हात गोळा केले त्याची आहे. मग तिनें मावशींकडे, त्यांच्या परवानगीनें त्यांच्या शेजारणींकडे, भाजीवाल्याच्या हिशेबाच्या वहीकडे मोर्चा वळविला. हा दोष पोरखेळांतलाच नव्हे. २०१८ सालीं जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन विदुषींनीं चेहरा पाहून स्त्री कीं पुरुष तें सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रांची परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चूक फार तर ०.८ टक्के, काळ्यासांवळ्या स्त्रियांच्या बाबतींत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. ज्यांना यंत्रापुढें आणलेंच नाहीं, त्यांना यंत्र ओळखणार कसें?

माणसांनीं चालविलेल्या व्यवस्थाहि याच दोषानें ग्रस्त असतात. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेंत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांस १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्यांनीं हट्ट धरला तेव्हां तो अटी घालून मिळाला, आणि १९३९ सालीं त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. मद्रासेकडील ए. ललिता अठराव्या वर्षीं विधवा झाल्या, कडेवर चार महिन्यांची मुलगी. वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्राध्यापक होते. त्यांच्या पाठिंब्यानें १९४० सालीं त्या तेथें दाखल झाल्या आणि विजेच्या शाखेची पदवी घेऊन आपल्या देशांतील पहिल्या स्त्री-इंजिनिअर ठरल्या. पदवीपत्राच्या छापील मजकुरांत ‘तो’ असें होतें. तें खोडून हातानें ‘ती’ लिहावें लागलें. त्या छापखान्याच्या खिळ्यांनीं ‘ळ’ पाहिलाच नव्हता, दुसरें काय!

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी निघाल्यापासून प्रोग्राम सुद्धां मागतांच लिहून मिळतो, मग मुलींनीं इतका खटाटोप कशाला करावा, असा प्रश्न आमच्या घरींहि निघाला. नातीनें तसा एक मागवून पाहिला होता. तो चालला, पण कां चालला हें तिला सांगतां येईना, म्हणून तिनें तो बाजूस ठेवून आपला लिहिला. आतां ती त्या यंत्राला विचारते ती आपल्या चुकीची जागा, आणि मिळालेलें उत्तर पुन्हां ताडून पाहते. तयार उत्तरांच्या काळांत उत्तर पारखणाराचें मोल वाढलें आहे, घटलें नाहीं.

नातीला इंजिनिअर व्हावयाचें आहे. त्यासाठीं परगांवीं जावें लागेल, खर्च होईल, आणि घरांत याविषयीं दोन मतें आहेत. अकरा माणसांच्या घरांत तीं असावयाचींच. आय.आय.टी. सारख्या संस्थांनीं २०१८ पासून मुलींसाठीं वाढीव जागा काढून त्यांचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेलें, म्हणजे दार किलकिलें झालें आहे. परंतु त्या दारापर्यंत जाण्याची वाट घराच्या माजघरांतून जाते, आणि ती आपण मोकळी करावयाची आहे.

म्हणून वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. आपल्या घरीं अशा नादाची मुलगी असेल तर तिला एका कोपऱ्यांत कायमचें टेबल द्या, जेथील तारा पाहुणे आले म्हणून आवराव्या लागणार नाहींत. दिवसांतून दोन तास असे द्या, कीं त्यांत तिला कोणी चहा टाकावयास उठविणार नाहीं. तो चहा तिच्या भावाला करतां येतो. पक्कड, स्क्रूड्रायव्हर तिचे स्वतःचे असूं द्या. आणि संध्याकाळीं “झालं का?” असें न विचारतां, “आज कुठं अडलं?” असें विचारा. त्या प्रश्नाचें उत्तर जी मुलगी न लाजतां देते, तिचें शिक्षण नीट चाललें आहे असें खुशाल समजावें.