लिटनचे ऊन

अकोल्यात वाढलेल्या माणसाला आपल्या उन्हाचा एक अजब अभिमान असतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे मे महिन्यात हैराण झाले की आम्ही कूलरमध्ये पाणी ओतता ओतता गालातल्या गालात हसतो. पंचेचाळीस अंश ही आमच्याकडे बातमी नसते. त्यामुळे २९ जून २०२१ रोजी कॅनडातील एका खेड्यात ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले हे वाचून मी चक्रावून गेले. भूगोल हा माझा विषय. नकाशा उघडला. लिटन नावाचे ते गाव ५० उत्तर अक्षांशाच्याही थोडे वर आहे. आमचे अकोला २१च्या खाली! मग या गावाने माझा पिच्छाच पुरवला.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर आणि थॉम्पसन या नद्यांच्या संगमावर लिटन वसले आहे. फ्रेझर गाळाने गढूळ, तर थॉम्पसन नितळ, निळसर-हिरवी. एकत्र आल्यावरही त्यांचे रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. किनाऱ्याकडचे पर्वत पॅसिफिकचे ढग अडवतात, म्हणून ही खोल दरी पर्जन्यछायेत पडते. उन्हाळ्यात इथले खडक तापतात आणि दरीतून कोरडा वारा सुटतो.

इथले मूळ रहिवासी न्लाकापामुक लोक. संगमावरच्या या जागेला त्यांच्या भाषेत नाव आहे. त्याचा इंग्रजांनी केलेला उच्चार 'कुमशीन'. हजारो वर्षे ते इथे राहत आले आहेत. नदीतून वर चढणारे सामन मासे पकडायचे, चिरायचे आणि दरीतल्या गरम वाऱ्यावर मांडवाला टांगून वाळवायचे, ही त्यांची हिवाळ्याची बेगमी. हे वाचले आणि मला आमच्या गच्चीवरच्या कुरडया-पापड आठवले. ऊन म्हणजे केवळ ताप नव्हे, ती वर्षभराची तरतूदही असते, हे त्यांना आणि आम्हांला सारखेच ठाऊक!

१८५८ साली फ्रेझरच्या वाळूत सोने सापडले आणि हजारो खाणवाले दरीत घुसले. त्यांच्यात आणि न्लाकापामुकांत रक्तपात झाला. अखेर स्पिंटलम या न्लाकापामुक प्रमुखाने तह घडवून आणला. त्याच वर्षी गावाला ब्रिटिश वसाहतमंत्री एडवर्ड बुलवर-लिटन यांचे नाव मिळाले. या गृहस्थांनी ते गाव कधी पाहिलेही नाही. त्यांचे चिरंजीव आपल्या परिचयाचे आहेत : १८७६ ते १८८० या काळातले व्हाइसरॉय लॉर्ड लिटन, ज्यांच्या कारकिर्दीत दख्खनचा भीषण दुष्काळ पडला आणि १८७८ साली देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला. बापाचे नाव तिकडच्या दरीला चिकटले, लेकाचे आमच्या इतिहासाच्या वहीत.

पुढे रेल्वे आली. तिच्यासाठी चिनी मजुरांनी कडे फोडले. लिटनमध्ये त्यांचे देऊळ उभे राहिले. विसाव्या शतकात इथल्या निवासी शाळेत न्लाकापामुक मुलांना आईबापांपासून आणि मातृभाषेपासून तोडले गेले. ही शाळा १९७९ साली बंद झाली. गावाची वस्ती जेमतेम अडीचशेची होती. पण टपाल, दवाखाना, दुकान यांसाठी आसपासच्या वाड्यावस्त्या लिटनवरच विसंबून होत्या. फ्रेझरवर एक बिनइंजिनाची तर चालते. लोखंडी दोराला बांधलेली ही नाव प्रवाहाच्या जोरावरच दोन मोटारी पैलतीरी नेते.

आणि हो, लिटनलाही आपल्या उन्हाचा अभिमान होता! 'कॅनडातील सर्वांत उष्ण ठिकाण' हे बिरुद ते मिरवीत असे.

२०२१च्या जूनअखेर हवेच्या उच्च दाबाचे जणू झाकणच त्या प्रदेशावर बसले. खाली उतरणारी हवा दाबली जाऊन आणखी तापत गेली. कॅनडाचा ४५ अंशांचा उच्चांक १९३७ सालचा होता. लिटनने तो लागोपाठ तीन दिवस मोडला. ३० जूनच्या संध्याकाळी आग लागली. ज्या वाऱ्यावर मासे वाळत आले, त्याच वाऱ्याने ती गावभर पसरवली. लोक हाती लागेल ते घेऊन पळाले. दोघांचा बळी गेला. गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग भस्मसात झाला. चिनी देवळाच्या जागेवर २०१७ साली उघडलेले संग्रहालयही त्यात गेले.

त्या उष्णतेच्या लाटेत एकट्या ब्रिटिश कोलंबियात ६१९ माणसे दगावली, त्यांतली बहुतेक घरातच. तिकडची घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली. तीच भट्ट्या झाली. एकटे राहणारे वृद्ध सर्वांत जास्त गेले. ही ओळ वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. आमच्या गल्लीतही पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी एक आजी आहे. "पोरी, आपल्याला सवय आहे उन्हाची," असे ती दर उन्हाळ्यात मला सांगते. लिटनलाही सवय होतीच की! पण सवय ही कालच्या उन्हाची असते. उद्याचे ऊन तिला विचारून येत नाही.

लिटनची पुनर्बांधणी फार सावकाश झाली. राखेखालची जमीन हजारो वर्षांच्या वस्तीची, त्यामुळे खोदण्याआधी पुरातत्त्वाची तपासणी आवश्यक. घरावाचून ताटकळलेल्यांचा त्यावरचा संताप मला समजतो. आणि पूर्वजांच्या खुणा फावड्याने उपसू नयेत, हे न्लाकापामुकांचे म्हणणेही पटते. एका गावाला आपले कालचे आणि उद्याचे दोन्ही एकाच जमिनीत सांभाळायचे होते.

यंदा परीक्षा संपली की आम्ही गल्लीतल्या चार मैत्रिणींनी त्या आजीच्या पत्र्यावर तुराट्या आणि गवत घालायचे ठरवले आहे. दुपारी एकीने तरी तिच्याकडे चक्कर टाकायची, असेही ठरले आहे. कुरडया मात्र आम्ही तिच्याच देखरेखीखाली घालणार.