जंजिऱ्यात आडनाव विचारलं तेव्हा

अम्मीने सत्तरी ओलांडली, पण समुद्र पाहिला नव्हता. माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. तिचं सगळं आयुष्य पांझरा आणि गिरणेच्या मधल्या पट्ट्यात गेलं. मुंबईला एकदा गेली होती, तेही दवाखान्याच्या कामाला. गेली तशी परतली.

समुद्राची तिची ओळख नानांमुळे. नाना म्हणजे तिचे अब्बा. धुळ्यात खांद्यावर पिंजण घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. थंडी पडू लागली की लोक जुन्या गाद्या-रजया काढायचे, आणि पिंजणीच्या तातीचा टंग-टंग आवाज ओट्याओट्यावर ऐकू यायचा. त्या कापसाच्या धुळीतून पैसा-पैसा जोडत त्यांनी १९७४ साली हज केला. तेव्हा गरिबाचा हज जहाजानेच व्हायचा. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग गोदी, मग आठवडाभर पाणी. हजची जहाजं १९९५पर्यंत चालू होती, नंतर फक्त विमान राहिलं.

नाना खजूर आणि जमजम घेऊन आले, पण घरात चर्चा झाली ती समुद्राचीच. ‘फजरला उठलं तरी पाणी, मगरिबला पाहिलं तरी पाणी,’ असं ते सांगायचे. अम्मीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. ‘इतलं पानी!’ म्हणून तिने जो आ वासला, तो पन्नास वर्षं तसाच होता.

गेल्या डिसेंबरात मी ठरवलं, अम्मीला समुद्र दाखवायचा. बायको म्हणाली, जुहूला जाऊ. मी मुरूड-जंजिरा म्हटलं. त्याचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

चौथीत आम्हाला शिवाजी महाराजांचा इतिहास होता. मला तो तोंडपाठ होता. प्रतापगड, पन्हाळा, आग्रा, सगळं. पण वर्गात अफझलखान आला, शाहिस्तेखान आला, सिद्दी आला, की दोन-चार मुलं मान वळवून माझ्याकडे बघायची. कुणी चिडवायचं नाही, नुसतं बघायची. आणि मी बाकावर थोडा खाली सरकायचो. माझा मुलगा यंदा चौथीत आहे. त्याच्याकडे कुणी बघतं का, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हे जास्त खरं. म्हणून वाटलं, ज्या नावापाशी मी खाली सरकायचो, ती जागा एकदा त्याच्यासोबत डोळ्यांनी पाहावी.

जळगावहून रात्रीची गाडी पकडली. सकाळी कल्याणला उतरलो आणि भाड्याच्या गाडीने पनवेल, अलिबागमार्गे मुरूडकडे निघालो. रेवदंड्याची खाडी ओलांडली. काशीदच्या अलीकडे एका वळणावर उजवीकडे समुद्र आला. अम्मीने काच खाली करायला सांगितली. काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून बसून राहिली. बायकोने मला खुणेनेच सांगितलं, आता काही विचारू नका.

जंजिऱ्याला जायला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. होडीत पंचवीस-तीस माणसं होती. नाशिकचं एक कुटुंब होतं, साताऱ्याकडची कॉलेजची पोरं होती. शीड वाऱ्यावर धरलं आणि होडीवाल्याने सांगायला सुरुवात केली. बावीस एकरांचा किल्ला, एकोणीस बुरूज, दरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. ‘आपल्या महाराजांनी प्रयत्न केले, संभाजीराजांनी तर समुद्रात बांध घालायला घेतला, पण हा किल्ला काही हाती आला नाही.’ माणूस चांगलं सांगत होता. सांगता सांगता एकेकाला गाव विचारत होता. माझ्यापाशी आला.

‘दादा, कुठून?’

‘जळगाव.’

‘अरे वा, केळीवाले! आडनाव काय?’

मी म्हटलं, ‘जळगावचेच आम्ही.’

हे उत्तर नव्हतं. पन्नाशीकडे झुकलेला, नोकरी करणारा, मराठीत लिहिणारा माणूस भर होडीत आपलं आडनाव गिळून बसला. समोर सिद्दीचा किल्ला, कानात महाराजांची गोष्ट, आणि मी पुन्हा चौथीच्या बाकावर खाली सरकलो होतो.

मुलाला वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्याने शाळेत हजेरी द्यावी तसं आपलं पूर्ण नाव सांगितलं. आडनावाला तो जरा जोर देतो. पिंजारी.

क्षणभर फक्त शिडाचा फडफडाट ऐकू आला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. होडीवाला म्हणाला, ‘म्हणजे आपल्यातलेच. सलाम आलेकुम, आजी.’ हे तो अम्मीला म्हणाला. तो स्वतः राजपुरीचा मुसलमान. त्याच्या ‘आपल्या महाराजांनी’मध्ये कुठेही अडखळ नव्हती. गोष्ट त्याने पुढे तशीच चालू ठेवली, त्याच आवाजात. नाशिकच्या बाई अम्मीला म्हणाल्या, ‘उतरताना माझा हात धरा, इथे होडी फार हलते.’

आणि खरंच हलते. किल्ल्याच्या पायऱ्यांना होडी टेकते न टेकते, लाट तिला पुन्हा मागे नेते. त्या मधल्या क्षणात पाय टाकायचा. साताऱ्याच्या दोन पोरांनी वरून अम्मीचे हात धरले, होडीवाल्याने मागून आधार दिला. अम्मी बिस्मिल्ला म्हणत दगडावर उभी राहिली.

दरवाजाजवळ भिंतीत एक शिल्प आहे. वाघासारखा प्राणी आणि त्याने पंजांत, शेपटीत पकडलेले हत्ती. आत तटावर तोफा. त्यातली कलाल बांगडी मोठी, तिच्याजवळ फोटोसाठी गर्दी होती. पडका वाडा, झाडीत बुडालेल्या भिंती, मशीद. अम्मीला यातलं काही फारसं भावलं नाही. ती थांबली गोड्या पाण्याच्या तलावापाशी. चारही बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. तिने दोन वेळा विचारून खात्री केली. खानदेशातल्या बाईला पाण्याचं जे वाटतं, ते तोफेचं वाटत नाही.

मुलाने तटावर मला विचारलं, ‘पप्पा, सिद्दी आपले होते का?’

हाच प्रश्न मी घरून घेऊन आलो होतो. मला जे ठाऊक आहे, ते त्याला सांगितलं. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला. अर्थ बेट. सिद्दींच्या आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, तो निजामशाहीच्या माणसांनी घेतला. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबशाणातले. त्यांच्यातले कितीतरी गुलाम म्हणून विकले जाऊन इकडे आले. असाच विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कारभारी झाला, १६२६ साली वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. मोगलांच्या काळात जंजिऱ्याचे सिद्दी त्यांचं आरमार सांभाळत. सुरतेहून हजला जाणाऱ्या जहाजांच्या रक्षणाचं कामही त्यांच्याकडे होतं. आणि याच सिद्दींच्या गलबतांनी किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं धरून नेली. हेही सांगितलं. ते गाळलं असतं, तर मी दुसऱ्या बाजूने खाली सरकलो असतो.

मग समोर बोट दाखवलं. समुद्रात दूरवर पद्मदुर्ग दिसतो. सिद्दीला आवर घालायला महाराजांनी बांधलेला. महाराजांच्या आरमाराचा एक मोठा अधिकारी होता दौलतखान. सिद्दीशी लढायला तो जायचा.

‘दौलतखान मुसलमान?’

‘हो.’

‘मग तो सिद्दींकडून का नाही लढला?’

‘त्याची नोकरी महाराजांकडे होती.’

मुलाने थोडा विचार केला आणि तोफेवर चढायला पळाला. त्याचं समाधान झालं. माझं व्हायला चाळीस वर्षं लागली.

दुपारी गावात एका कोकणी मुसलमान घरात जेवलो. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण. अम्मी कळण्याच्या भाकरीवर वाढलेली. तिने काटे बाजूला ठेवत नेटाने जेवण केलं. घरातल्या खालाजान कोकणी मराठी बोलत, अम्मी अहिराणी. अर्धं एकमेकींना कळत नव्हतं, पण दीड तास दोघी थांबल्या नाहीत. निघताना अम्मी म्हणाली, ‘बोलतात आपल्यासारखंच, फक्त जरा गाऊन.’

संध्याकाळी मुरूडच्या किनाऱ्यावर वाळूत बसलो होतो. भाचा जहाजावर नोकरीला आहे. योगायोगाने त्याच वेळी त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. ग्रीसच्या क्रीट बेटावरचं हानिया गाव. जुनं बंदर, काठाला रंगीत घरं, हॉटेलांच्या खुर्च्या, आणि अगदी पाण्याला लागून एक घुमटाची मशीद. खाली त्याने लिहिलं होतं, ‘मामू, इथे नमाज होत नाही, प्रदर्शनं भरतात.’

त्या मशिदीची गोष्ट मी वाचलेली होती. सतराव्या शतकात उस्मानी तुर्कांनी क्रीट घेतलं, त्यानंतर बांधलेली. पण क्रीटचे मुसलमान बहुतेक तिथलेच, मातृभाषा ग्रीक. १९२३ साली लोझानला करार झाला. ग्रीसने आपले मुसलमान तुर्कस्तानला द्यायचे, तुर्कस्तानने आपले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसला. माणूस कोणती भाषा बोलतो हे कुणी विचारलं नाही, धर्म तेवढा पाहिला. दोन्हीकडून मिळून पंधरा लाखांच्या आसपास माणसं हलली. ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात उतरले, तर तिथले लोक त्यांना ‘अर्धे काफर’ म्हणत. तिकडे अनातोलियातून आलेले, तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसमध्ये ‘तुर्काचं बियाणं’ ठरले. माणसं गेली आणि मशीद बंदरावर एकटी राहिली. फोटो काढायला छान.

मी फोटो बघितला आणि मग समोरचं मुरूड. इथे अजान झाली. नारळाच्या वाडीतून कुणीतरी मुलांना हाका मारत होतं. जंजिऱ्याची नवाबी १९४८ साली संपली, संस्थान विलीन झालं, नवाबाचा महाल आता बाहेरूनच पाहायचा, पण माणसं आपल्या जागी आहेत. त्यांची भाषा त्यांच्या तोंडात आहे. नकाशावर बसून कुणी ‘हे तिकडचे’ म्हणालं नाही, निदान इथे तरी. मग मी होडीत स्वतःच स्वतःला ‘तिकडचा’ का करून घेतलं? कुणी ढकललं नव्हतं. त्या माणसाने तर फक्त आडनाव विचारलं होतं, जे खानदेशात एसटीत बसल्या बसल्या सगळेच विचारतात.

भीती खोटी नसते, हे मलाही कळतं. नाव सांगितल्यावर भाड्याची खोली मिळाली नाही, हे मी भोगलेलं आहे. पण प्रत्येक होडी म्हणजे ती खोली नव्हे, एवढं मला मुलाकडून शिकावं लागलं.

अम्मी साडी घोट्यापर्यंत वर धरून पाण्यात उभी होती. लाट येऊन पायाखालची वाळू सरकली की लहान मुलीसारखी हसायची. मला म्हणाली, ‘अब्बा याच पाण्यावरून गेले?’

‘याच. मुंबईहून, इथून वर.’

‘आणि आपल्या तापीचं पाणी?’

‘तेही इथेच येतं. पांझरा तापीला मिळते, गिरणा तापीला मिळते, तापी सुरतेच्या खाली समुद्राला. पूर्वी सुरतेलाच मक्केचा दरवाजा म्हणायचे.’

तिने वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. ‘इथवर येऊन खारं होतं.’

परतल्यावर पंधरा दिवसांनी तिला धुळ्याला नेलं. नाना जिथे आहेत त्या कब्रस्तानाच्या दाराशी ती उभी राहिली, मी आत जाऊन फातिहा पढलो. परत येताना पांझरेच्या पुलावर तिने रिक्षा थांबवायला लावली. नदीत पाणी म्हणावं असं नव्हतंच. खडकांमधून एक बारीक धार चालली होती.

‘हेच जातं तिथे?’ तिने विचारलं.

‘हेच. पावसाळ्यात जरा जोराने जातं.’

रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, ‘कोणत्या गावचे तुम्ही? आडनाव काय?’

‘पिंजारी,’ मी म्हटलं. ‘आजोबा इथेच गाद्या पिंजायचे.’